चपलेचं दुसरं भोक

इकोचा रिपोर्ट वाचून महाडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हार्ट फेल्युअर आहे." मला वाटलं, हृदय बंद पडलं. पण माझे वडील, आबा, वय एक्याऐंशी, समोर बसून चपलेचा पट्टा लावत होते.

बाईंनी समजावलं. हृदय बंद पडत नाही, त्याचा जोर कमी होतो. तो इजेक्शन फ्रॅक्शनने मोजतात, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं. आबांचं अठ्ठावीस होतं; निम्म्याहून जास्त हवं.

आबांना दाखल करून घेतलं. पाचव्या दिवशी घरी सोडताना बाई म्हणाल्या, "रोज सकाळी वजन करून लिहा. वजनावर लक्ष ठेवा."

आबा महाडला माझ्याकडेच राहिले. मी वही सुरू केली. पहिल्या दिवशी बावन्न किलो. आजारी माणसाचं वजन घटलं की घर धास्तावतं, एवढंच मला ठाऊक. म्हणून ते घटू नये याकडे मी लक्ष दिलं. आबा मागतील तेव्हा पेज, सोबत सुकट, वर खारातली कैरी. चौथ्या दिवशी त्रेपन्न. सहाव्या दिवशी पंचावन्न.

आबा म्हणाले, "चप्पल आवळते रे."

"अंग धरताय तुम्ही," मी म्हटलं, आणि पट्टा दुसऱ्या भोकात लावून दिला.

आठव्या दिवशी सकाळी तोंड धुऊन येतानाच त्यांना धाप लागली. पुन्हा दाखल केलं.

डॉक्टरबाईंनी वही वाचली. "नीट लिहिलंय. पण हे अंग नाही, पाणी आहे. मिठामुळे साचतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले की त्याच दिवशी फोन करायचा. हे मी फोड करून सांगायला हवं होतं."

मी ते वहीच्या समासात लिहिलं. रडू आलं नाही. अक्षरही नेहमीसारखंच आलं.

मग विचारलं, "किती दिवस आहेत?"

"आकडा देणार नाही. या वयात इतक्या लवकर पाणी पुन्हा भरलं, म्हणजे वर्षांचा हिशेब सोडा, महिन्यांचा धरा. माझं चुकलं तर बरंच. त्यांना कुठं राहायचंय, विचारलंत?"

विचारलं नव्हतं. त्या दुपारी विचारलं.

"घरी. पोलादपुरास," आबा म्हणाले. "तिथं बसल्या जागी घाट दिसतो. तुजा वजनाचा काटा आण. वही पण आण, नायतर तुला करमायचा नाय."

आता आम्ही पोलादपूरला आहोत. सुकट बंद, पेज अळणी. आबा तोंड वाकडं करून पितात. पाणी मोजून देतो. ज्यांच्या घरी हे येईल त्यांनी दवाखान्यातून निघताना एवढं विचारून घ्या: आकडा कुठल्या बाजूला सरकला की घाबरायचं? मी विचारलं नाही.

आज वजन साडेबावन्न. कालच्यापेक्षा दोनशे ग्रॅम कमी. आबांनी स्वतः वाकून चपलेचा पट्टा पहिल्या भोकात लावला.

"लिवलंस काय?" त्यांनी विचारलं.

लिहिलं.