लेकीच्या चाकूचं पोलाद

पाणीवालीला शिसारी यायला फारसं काही लागत नसे. ओल्या फडक्याचा वास, उष्टा कप, तोंडात घास घेऊन बोलणारा माणूस, एवढं पुरे. पण त्या सकाळी तिला शिसारी आली ती नव्याकोऱ्या, चकचकीत चाकूंचा खोका बघून.

दुकान भावाबहिणीचं. पुढे काचेचं कपाट आणि धाकटा भाऊ, मागे भट्टी आणि ही. त्याने बोलायचं, हिने राबायचं, ही वाटणी बापानेच करून दिलेली. पोलादाला पाणी द्यायचं काम तिचं, म्हणून गल्लीत सगळे तिला पाणीवाली म्हणत. पाणी आपलं म्हणायचं. तापलेलं पातं बुडवायचं ते तेलात, म्हणजे ते कडक होतं. पातं लाल झालं की ती चिमट्याने उचलून लोहचुंबकाला लावी. चिकटलं तर परत आगीत. चिकटेनासं झालं की आणखी जरा ताव आणि थेट तेलात, फस्स! बाप असंच करायचा, तीही असंच करायची, आणि साध्या पोलादाच्या बाबतीत हा हिशोब कधी चुकला नव्हता.

"ताई, बघ तरी!" भावाने एक चाकू तिच्या नाकासमोर नाचवला. पात्यावर लाटांसारखी नक्षी होती.

"ही कुठून उगवली? मी पाणी दिलं तेव्हा पाती कोरी होती."

"ॲसिडने काढून घेतली. गिऱ्हाइकाला वाटतं, थरावर थर ठोकून घडवलंय."

"म्हणजे खोटं."

"म्हणजे सुंदर!"

तिने कानस उचलली आणि धारेवर फिरवली. पाणी नीट बसलेल्या पोलादावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. ही चावली. कीस पडला. तिने दुसरा चाकू घेतला, तिसरा घेतला. सगळे तसेच मऊ.

"कसलं पोलाद आणलं होतंस?"

"स्टेनलेस. गंज नाही, डाग नाही."

"अरे गाढवा, मग सांगायचंस! त्याला आपल्या भट्टीचा ताव पुरत नाही. चुंबकाने सोडलं तरी ते आतून कच्चंच राहतं."

"तू विचारलंस? तू त्या चुंबकाशिवाय कुणाला विचारतेस कधी?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला अधिकच किळस आली. कुणाची, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

"जाऊ दे ना," भाऊ म्हणाला. "लोक कमरेला लावतात, फोटो काढतात. कोण कापतंय!"

"माझी पोरगी कापते."

पोरगी वनखात्यात होती, जंगलात गस्त घालायची. हे चाकू तिच्या तुकडीसाठीच होते, आणि ते न्यायला ती दुपारी आलीसुद्धा. आल्या आल्या तिने कमरेचा जुना चाकू म्यानासकट काढून टेबलावर टाकला. आईच्या हातचा, साध्या पोलादाचा. म्यानातून पातं निघालं ते तपकिरी चिखल लागल्यासारखं, आणि पाठोपाठ असा वास आला की मामा दारापर्यंत मागे सरकला.

"ही काय दशा केलीस? तेल लावत नाहीस?"

"आई, आम्ही आठवडाच्या आठवडा ओल्यात असतो. अंग पुसायला कोरडं फडकं नसतं, आणि तुझ्या चाकूला तेल चोळत बसू? फासात अडकून मेलेलं जनावर ह्यानेच सोडवायचं आणि रात्री पावही ह्यानेच कापायचा. गंजाने खड्डे पडलेत, त्यात रक्त जाऊन बसतं. कितीही धू, वास जात नाही."

पाणीवालीला बोलायचं बरंच होतं, पण तोंड उघडलं तर वास आत गेला असता. तिने भावाचा एक चाकू टेबलावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि मुठीला जोर दिला. पातं वाकलं आणि वाकलेलंच राहिलं.

"लोणी लावायला उत्तम," ती म्हणाली.

"म्हणजे मामाचा वाकतो आणि तुझा सडतो," लेक म्हणाली. "तिसरं काही आहे का दुकानात? नसेल तर सांग, दुसरीकडे बघते. परवा निघायचं होतं, ते मी पुढे ढकलीन. पण ह्यातला कुठलाही घेऊन आता जाणार नाही."

तिसरं होतं, दुकानात नव्हे. स्टेनलेसच, पण दुसऱ्या जातीचं, आणि शहराबाहेरच्या कारखान्यात बंद भट्टीत कडक करवून आणायचं. पाणीवालीने आजवर त्या कारखान्याचं नाव निघालं की नाक मुरडलं होतं. भावाला तेवढ्यात चेव आला. "मग सगळ्यात कडक घेऊ! महिनोन्महिने धार जात नाही, असं जाहिरातीत लिहिलंय."

"आणि ओल्या लाकडावर घातला की धारेचे टवके उडतात, ते नाही लिहिलं? बोथट झाला तर ही जंगलात कशावर घासणार, तुझ्या डोक्यावर? मधलं घ्यायचं. तुटणार नाही, गंजायला वेळ लावील, आणि साध्या दगडावर धार येईल असं. कडकपणाही सांगून जरा कमी ठेवायचा."

त्या पोलादाची पाती घासून ती स्वतःच घेऊन गेली. कारखान्यात चपलांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या. फरशी इतकी पुसलेली की तिला दवाखान्याची आठवण झाली.

"आग कुठंय?" तिने तिथल्या माणसाला विचारलं.

"आत आहे."

"दिसत नाही."

"दिसायला कशाला हवी, काकू? तावाचा आकडा दिसतो ना."

ना ज्वाळा, ना वाफ, ना तेलाचा भपका. आपली पाती तिने त्या पेटीत अशी ठेवली, जणू परक्या माणसाच्या तोंडात स्वतःचा दातांचा ब्रश देत होती.

पाती परत आली ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. तिने कानस लावली. घसरली. वाइसमध्ये आवळून मुठीला जोर दिला. पातं वाकलं आणि हात सोडताच टण्णकन सरळ झालं. तिने परत जोर दिला, अधिक दिला. मेलं परत सरळ! हिने इतका वाईट चेहरा केला की भावाला वाटलं, मोडलं.

"काय झालं?"

"चांगलं आहे," ती म्हणाली, जेवणात केस सापडल्यासारखी.

लेकीने हसत नवा चाकू म्यानात सारला. "आई, पाणी तू दिलं नाहीस म्हणून रागावलीस ना?"

"रागावू नको तर काय नाचू? पोलाद मी निवडलंय, एवढं तुझ्या लोकांना सांग. आणि बाहेरून आलीस की नळाखाली धूत जा, गंजत नाही म्हणून घाण धरत नाही असं नाही. तो सडका इकडे दे."

लेकीने जुना चाकू दिला. पाणीवालीने तो दोन बोटांत धरून उजेडात उलटसुलट केला. गंजाखाली धार अजून शाबूत होती. तिचं पाणी होतं ते. तिने नाकाला पदर लावला, चाकू भंगाराच्या डब्यात टाकला आणि हात धुवायला मोरीकडे गेली.