गेटवरचा वॉचमन आणि घासलेला सील

माझा धंदा काय ते सांगितलं की लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस पाणी प्यायला उठतो तो परत येत नाही. म्हणून आधीच सांगतो, या गोष्टीत जेवण आहे.

थेरगावातली आमची छोटी कंपनी डेटाबेस बनवते. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तसा डेटाबेसला इंडेक्स असतो. साध्या इंडेक्सला एवढंच कळतं, लहान कोण आणि मोठं कोण. पण आमचं पहिलं गिऱ्हाईक होते काळेवाडीचे चाचा. ते ऑइल सील विकतात, म्हणजे यंत्रातलं तेल गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्या. त्यांच्या दुकानात मेकॅनिक झिजलेली कडी पुढे करतो आणि म्हणतो, "असंच द्या." आता या "असंच"ला लहान म्हणायचं की मोठं?

म्हणून मी नव्या थाटाचा इंडेक्स रचला. नोंदींचे गठ्ठे सांभाळणं, दोघं एकदम आले तर रांग लावणं, ही हमाली आमचं यंत्र करणार. ज्याला नवा प्रकार जोडायचा त्याने फक्त मोजकी उत्तरं द्यायची. गठ्ठ्यावर चिठ्ठी काय लावायची? गठ्ठा फार फुगला तर त्याचे दोन कसे करायचे? आणि शोधताना, हवं ते या गठ्ठ्यात असू शकेल का? आज सील, उद्या नकाशे, परवा आणखी काही! मी हवेत होतो.

मॅडम, म्हणजे आमच्या मालकीणबाई, जमिनीवर होत्या. "अहो कलाकार, आज चाचांसमोर चाललं तर ठेवू. नाहीतर साधा इंडेक्स लावायचा आणि तुमचं नाटक बंद."

चाचा आले. त्यांनी रुमालातून झिजलेला सील काढला, आम्ही मापं टाकली. पडद्यावर उत्तर आलं, एकही नोंद नाही.

"कमाल आहे राव!" चाचा म्हणाले. "हा माल माझ्या दुकानात दारातच टांगलाय. तुमचं मशीन आंधळं आहे की माझ्यावर रुसलंय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. "आधी जेवून घेऊ," मी म्हणालो, आणि सगळ्यांचे डबे टेबलावर मांडले. प्रत्येक डबा म्हणजे एक गठ्ठा. प्रत्येकावर मापांची चिठ्ठी, प्रत्येकामागे आमच्यातलाच एक जण पहारेकरी. चाचा झाले गिऱ्हाईक. कडी उंचावून ते असे निघाले, जणू स्वयंवराला आलेत.

तीस ते पस्तीस मिलिमीटरच्या डब्यामागे आमचा निघोज्याचा टेस्टर उभा होता. चाचांच्या कडीचं आतलं माप होतं पस्तीसच्या किंचित पुढे.

"न्हाई," तो छाती काढून म्हणाला. "पस्तिसाच्या वरचं आमच्याकडं न्हाई. चला पुढं."

"अरे भावा, घासून मोठा झालाय तो! दुकानात असा आला की मी शेजारचं खोकंपण उघडतो."

"ती सूट आत मिळती, चाचा. मी गेटवर हाय."

मी टाळी वाजवली. सापडलं! झिजेची सूट, म्हणजे माप थोडं पुढेमागे असलं तरी चालेल ही मुभा, मी दिली होती, पण डब्याच्या आत. झाकणावर मात्र चाकणच्या कंपनीचा वॉचमन बसवला होता, पास नाही तर प्रवेश नाही. आत मामाचं घर होतं आणि दारात कोणी पाऊल टाकू देत नव्हतं. खरं तर गेटवरच्याने "असू शकेल" म्हणताना चुकलं तरी बिघडत नाही, आत उघडून खात्री करतोच आपण. "नाही" म्हणताना मात्र चुकायचं नाही.

पोळी तशीच ठेवून मी तीच सूट गेटवरही लिहिली. पुन्हा शोधलं. चार सील पडद्यावर आले. चाचांनी तिसऱ्यावर बोट आपटलं. "हाच! सलाम करतोय बघा मला!"

टेस्टर शिट्टी वाजवणार तेवढ्यात सगळे मॅडमकडे वळले. त्या उठल्या, टेबलाभोवती फिरल्या आणि माझ्या डब्यासमोर थांबल्या.

"यात खरवस असू शकेल का हो?"

"असू शकेल," मी सावधपणे म्हणालो.

"मग उघडून खात्री केलीच पाहिजे," त्या म्हणाल्या आणि शेवटची वडी तोंडात टाकली. "ठेवा तुमचा इंडेक्स. नकाशांचं कधी सुरू करताय?"