पाहुण्याला दिसलेलं स्वयंपाकघर

ओमानमधल्या बौशरच्या त्या कार्टून बनवणाऱ्या ऑफिसात मी चहा करायचे. तिथला सगळ्यांत हुशार माणूस म्हणजे लेआउटवाला. चित्रं हलायच्या आधी घर कसं, दार कुठे, माणूस कुठे उभा राहणार, कॅमेरा कुठून बघणार, हे तो आखून द्यायचा. बाकीचे त्यावर रंग भरायचे आणि माणसं चालवायचे. देवगडकडचा होता. मला काकी म्हणायचा, पण मान वर न करता.

त्या वर्षी एका ओमानी कुटुंबाची गोष्ट चालू होती. काम देणारे ओमानी साहेब यायचे, चित्र बघायचे आणि म्हणायचे, "सुंदर. थोडं बदला, इन्शाल्ला." काय बदला ते सांगायचे नाहीत. आमच्या मॅनेजरने आधी गालिचा बदलायला लावला. मग खजुराची झाडं वाढवली. शेवटी उंट आणला. उंट अंगणात उभा राहिला, तरी साहेब "इन्शाल्ला" म्हणूनच गेले.

मॅनेजर लेआउटवाल्याला म्हणाला, "अब की बार पास नहीं हुआ तो खलास. तेरा वापसी का टिकट निकालता हूँ."

चहा देताना मी चित्र बघितलं. बाहेरचं दार, पुढे बैठक, त्यापुढे सरळ रेषेत स्वयंपाकघर आणि तिथे भाजी चिरणारी बाई. घर थेट देवगडचं, फक्त माणसांच्या अंगात अरबी पायघोळ डिशडाशा. मी आधी अल खौदला एका ओमानी घरात कामाला होते. तिथे पाहुण्यांच्या बैठकीचं, म्हणजे मजलिसचं, दार वेगळं. परक्या पुरुषाला घरातल्या बाईची सावलीसुद्धा दिसत नाही. आता हे साहेबांनी स्वतःच्या तोंडाने कसं सांगावं?

मला बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी लेआउटवाल्यासमोर बशी ठेवता ठेवता म्हटलं, "भाऊ, पाहुण्याला बाई दिसते."

"दिसायलाच पाहिजे काकी, तिच्यावरच कॅमेरा आहे."

"कॅमेऱ्याला दिसू दे. पाहुण्याला नको. त्यांच्यात मजलिसला बाहेरून वेगळं दार असतं."

त्याने खोडरबर उचलला आणि बाहेरच्या भिंतीत दुसरं दार आखायला घेतलं. चहावर साय धरली.

पुढच्या खेपेला साहेब "तमाम" म्हणाले, म्हणजे एकदम झकास. मॅनेजरने विचारलं, "कैसे सूझा?"

"रिसर्च किया, सर."

मी तिथेच ट्रे घेऊन उभी होते. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते, तेवढं बरं.

आठवड्याने तो पॅन्ट्रीत आला, दार लोटलं आणि नवीन कागद ओट्यावर पसरला. "काकी, ह्यात काय चुकलंय का बघा ना. बाहेर बोलू नका."

"बघते. तोवर हे कप पुसा," म्हटलं आणि फडकं त्याच्या हातात दिलं. रिसर्चला वेळ लागतो.