गेटजवळची खुर्ची

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पहिल्या स्मृतिदिनाची तयारी मी ते गेले त्याच आठवड्यात मनात सुरू केली. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, लेकीची किती माया! माया होतीच. पण तयारी मायेपोटी नव्हती. मला माझ्या भावावर सूड उगवायचा होता.

आमच्यात माणूस गेला की शोकसभा होते, आणि पुढे दर वर्षी त्या तारखेला लोक विहारात जमतात. महामानवांच्या प्रतिमांना हार, त्रिसरण-पंचशील, आणि मग भाषणं. माईक हाती आला की आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत कोणी कोणाला आवरत नाही. ज्यानं गेलेल्याला जन्मात कधी चहा विचारला नाही, तोही पंधरा मिनिटं गहिवरतो. अण्णांच्या शोकसभेत भाऊ चाळीस मिनिटं बोलला. तो माझ्याहून थोरला, पुण्यात मोठा साहेब आहे. मधेच थांबायचा, चष्मा काढायचा, पुसायचा, परत घालायचा. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. "अण्णांना शेवटच्या आजारपणात आम्ही फुलासारखं जपलं," तो म्हणाला.

आम्ही म्हणे! माझ्या अंगाची लाही लाही झाली. अण्णांच्या किडन्या गेल्यावर ते दीड वर्ष डायलिसिसवर होते. त्या दीड वर्षात हा एकदा आला, तोही नाशकात कोणाचं तरी लग्न होतं म्हणून. सुटाबुटात तासभर बसला आणि ट्रॅफिक लागेल म्हणून निघाला. अण्णा मात्र दर रविवारी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून गेटजवळ खुर्ची टाकून बसायचे. मी म्हणायचे, "अण्णा, आत या, ऊन लागेल." ते म्हणायचे, "वाऱ्याला बसलोय." एप्रिलमध्ये कसला आलाय वारा! दुपार उलटली की मी खुर्ची उचलून आत आणायचे.

शोकसभेत मलाही माईक दिला होता. मला रडू फुटलं आणि एक शब्द न बोलता मी खाली बसले. म्हणजे कॉलनीच्या लेखी सेवा त्यानं केली आणि रडले मी. हे मला वर्षभर सलत राहिलं. ऑफिसला जाता-येता बसमध्ये मी त्याच्या नावानं भाषणं रचायचे, अशी की त्याला तोंड दाखवायला जागा राहू नये. पण बहिणीनं भावाला चारचौघांत सुनावलं की लोक म्हणतात, घरावरून वाजलं असेल. म्हणून मी दुसरी वाट काढली. त्याला बोलूच द्यायचं नाही.

कॉलनीतल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन समोरचे रिटायर झालेले पोस्टमन काका करतात. त्यांच्या हातात मी बोलणाऱ्यांची यादी दिली. दोनच जण होते त्यात. अण्णांना डायलिसिसला नेणारा रिक्षावाला आणि त्यांना आंघोळ घालणाऱ्या मावशी. काका चपापले. "अगं, आणि तुझा भाऊ? थोरला मुलगा आहे तो."

"तो मागच्या वेळी पोटभर बोललाय काका. आता यांना बोलू द्या."

निमंत्रणातच मी लिहिलं होतं, हार-फुलं नकोत, विहारातल्या अभ्यासिकेच्या मुलांसाठी वह्या आणा. अण्णांच्या फोटोसमोर वह्यांची चळत लागली. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मी भावासाठी राखली, सगळ्यांना तो नीट दिसावा म्हणून. पांढरा शुभ्र कुडता घालून आला आणि ऐटीत बसला. खिशातून घडी केलेले कागद डोकावत होते. ते बघून मला जे सुख झालं, ते कबूल करायला मला लाज वाटत नाही.

रिक्षावाला उठला. तो नामपूरकडचा, अण्णांच्याच गावाजवळचा. "अण्णा माझ्या गाडीत बसले का आपल्याकडची अहिराणीच बोलायचे," तो म्हणाला. मग भावाकडे वळून त्यानं हात जोडले. "साहेब, शोकसभेला मी गावाकडे होतो. तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय."

माझ्या मनासारखं झालं. भावाची मान खाली गेली. विहारात कुजबुज झाली.

पण रिक्षावाला थांबला नाही. "पण तुमची सगळी हकीकत मला पाठ आहे. कोणत्या वर्गात पहिले आले, कुठं नोकरी लागली, सगळी. जाताना-येताना दुसरी गोष्टच नाही. 'मना पोऱ्या पुण्याले मोठा साहेब शे. रविवारले येई.' सिग्नलला थांबलो तर बाजूच्या गाडीवाल्यालाही सांगायचे."

मग मावशी उठल्या. त्या कळवणच्या, माईकची सवय नाही. "अण्णा आंघोळीला लय लाजायचे," त्या म्हणाल्या. "मंग मी म्हणायची, कायतरी बोला. मंग पोराचं सांगायचे. पोरगा असा हाय, तसा हाय. फोन वाजला का म्हणायचे, बघ गं, त्याचाच असंल."

काकांना माझी दया आली असावी. त्यांनी विचारलं, "आणि लेकीबद्दल काय म्हणायचे?"

मावशी गोंधळल्या. आठवून बघितलं त्यांनी, अगदी प्रामाणिकपणे. "ताईचं काय म्हणत्याल? ताई तं घरातच व्हती ना."

लोक हसले. वाईट हेतूनं नाही. मी फोटोकडे बघत बसले. डायलिसिसमुळे पाण्यावर बंधन होतं; ते पेल्यानं मोजून मी द्यायचे, आणि तहान लागली की अण्णांच्या शिव्याही मीच खायचे. वर्षभर मी ज्याच्यावर दात धरून होते तो समोरच्या खुर्चीत नव्हताच. तो टेबलावर, वह्यांच्या मागे, फोटोत हसत होता. मला अण्णांचा राग आला, भावाचा कधी आला नव्हता इतका. आणि साक्षीदार मीच निवडून आणले होते!

यादी संपली. काकांनी सवयीनं विचारलं, "आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर..." सगळे भावाकडे बघू लागले. त्याचा हात खिशाकडे गेला, कागदांवर थांबला. त्यानं ते आत ढकलले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू बोल."

मी माईक घेतला. वर्षभराची भाषणं ओठांवर होती. लोकांकडे पाठ केली आणि फोटोसमोर उभी राहिले.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमचा साहेब आलाय. पहिल्या रांगेत बसलाय. आता आत या, ऊन लागेल."