जावयाच्या अंगावर बॉल कसा फेकायचा?

माझे दोन्ही मेहुणे मला अतिशय मान देत, आणि त्याबद्दल मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

काळ निजामाचा. हिंगोलीच्या शाळेत शिकता शिकताच माझं लग्न झालं होतं. (तेव्हा मिशी फुटायच्या आत बाशिंग बांधत.) बायको शिरड शहापूरची. तिचे धाकटे भाऊ, किसन आणि नामदेव, माझ्याच शाळेत आणि दुर्दैवानं माझ्याच बास्केटबॉलच्या टीममध्ये! मी ताडमाड उंच, म्हणून टोपलीखाली उभा राहणारा सेंटर. ते दोघे गार्ड. गार्डांनी बॉल पुढं आणायचा, सेंटरकडे फेकायचा, सेंटरनं तो टोपलीत घालायचा. एवढं बैलालाही कळलं असतं!

परभणीच्या टीमशी सामना होता. जिंकलो तर पुढचा सामना हैदराबादला! मी हैदराबाद स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं, पण बायकोला तिथल्या बांगड्या कबूल करून बसलो होतो.

खेळ सुरू झाला. किसननं बॉल आणला. मी हात वर केले. त्यानं माझ्याकडे पाहून अदबीनं मान लववली आणि बॉल दुसऱ्यालाच दिला. मग नामदेवनंही तेच केलं!

"अरे, सेंटर को दो! सेंटर को!" बाहेरून ड्रिलमास्तर बोंबलत होते.

"किसन्या, मला काहून देऊन न्हाई राहिला रे?" मी खेकसलो.

"दाजी, तुमच्या अंगावर बॉल कसा फेकावा? जावई हायेत तुमी आमचे!"

"मंग काय ताटात घालून देतो?"

हे मी संतापून बोललो, पण त्यांना ते पटलं! पुढच्या खेपेला नामदेव बॉल दोन्ही हातांत धरून, सावकाश चालत मला द्यायला आला. पंचांनी शिट्टी फुंकली. बॉल उचलून चालायचं नसतं! बॉल परभणीकडे गेला आणि लगेच आमच्या टोपलीतही गेला.

सामना संपत आलेला, आम्ही जेमतेम एका गोलानं मागं. माझं टाळकं सटकलं. मी मैदानाच्या मधोमध फतकल मारली. "मी न्हाई खेळत जा!"

इथंच घात झाला. कारण सासरे सामना बघायला आले होते, आणि मांडवात जावई रुसला की सासऱ्यानं त्याची समजूत काढायची, ही रीत. मामा, म्हणजे माझे सासरे, पागोटं सावरत थेट मैदानात! पंचांना खेळच थांबवावा लागला.

"जावईबापू, काहून रुसलात? घड्याळ पाहिजे? सायकल पाहिजे?"

"बॉल पाहिजे, मामा! बॉल!"

मामा पोरांवर कडाडले, "अरे, द्या की रे मंग! एवढ्यासाठी पाव्हण्याला तकलीफ देता व्हय?" आणि मी खूश झालेला बघायला टोपलीमागं जाऊन उभे राहिले.

बापाचा हुकूम! खेळ पुन्हा सुरू झाला, मी उठून टोपलीखाली जाऊन उभा राहिलो. किसननं डोळे मिटले, देवाची माफी मागितली आणि बॉल माझ्याकडे फेकला. मी झेलला. अडवायला कुणी नव्हतंच; परभणीची पोरं पोट धरून हसत होती. टोपली अगदी डोक्यावर. मी उडी मारली, आणि बॉल कडीवर आपटून उडाला तो मामांच्या पागोट्यावर.

मामांनी पागोटं उचललं, झटकलं, आणि पोरांना हळूच म्हणाले,

"तुमी देत न्हवते, तेच बराबर व्हतं."