लूलूला मी खुबूस घातला

सगळ्यांना सलाम. लिहिण्यात चुका असतील, माफ करा. आठवीत शाळा सुटली, टाइप पण हळू होतं.

सौदीत तबूकला कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, शेतावर अब्बा शिकारीची कुत्री सांभाळतात. शिकारीआधी कुत्र्यांना उपाशीच ठेवतात, भरल्या पोटी पळाली तर पोट फुगून मरतात. आज सकाळी त्यातली लूलू माझ्याकडे बघतच राहिली, म्हणून मी गुपचूप तिला दोन खुबूस, इथल्या रोट्या, घातले.

तितरांमागे ती खूप पळाली. मग तिचं पोट फुगलं आणि तासाभरात ती गेली.

कफील म्हणाला, "खलास, म्हातारी झालेली."

अब्बा तिचा पट्टा धूत बसले. मला म्हणाले, "रडू नको रे. उपाशीच नेलेली ना तिला? मग आपली काय चूक?"

अब्बांना खरं सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?

आत्ताच गावाहून फोन आला, माझ्या मोठ्या बहिणीला, आपाला मुलगी झाली. आता आज अब्बांना कसं सांगू?