किड्यांचा उपास

काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "तोंडावर जाऊ नगा की!" प्रयोगशाळेतल्या आमच्या बाई आठवल्या की आधी हेच आठवतं. आंबा घेताना, पावणं बघायला आलं तरी, तेच वाक्य. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. एम.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत लागलो, ते थेट म्हशीच्या काळजातले, म्हणजे यकृतातले, किडे वेचायला! वडील गावभर सांगत, "पोरगं सायंटिस हाय." किड्यांचं मी कुणाला बोललो नाही.

बाई मलकापूरकडच्या, मला सीनियर. खाटकाला बजावत, "चांगलं काळीज नगं, किडकं द्या!" तो म्हणे, "बाई, असं गिऱ्हाईक देवानं रोज धाडावं."

म्हशीतला आणि मेंढीतला हा चपटा किडा दिसायला जुळा, पण जाती दोन, असं बाईंचं म्हणणं. त्यावरच त्यांची पीएच.डी. उभी होती. किडे कुटायचे, त्यांतली प्रथिनं जेलच्या, म्हणजे खळीसारख्या थिजलेल्या रसाच्या, नळीत सोडायची, वीज लावायची. मग रंग दिला की निळे पट्टे उमटत. पट्टे वेगळे, तर जात वेगळी.

एकदा म्हशीच्या किड्यात एक पट्टा जादा आला. बाईंनी साऱ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी बाईंना आठवलं. कुटण्याआधी किडे उपाशी ठेवायचे राहिले होते. मग तो पट्टा किड्याचा, की त्यानं प्यालेल्या म्हशीच्या रक्ताचा? त्यांनी नुसतं रक्त नळीत सोडून पाहिलं. पट्टा बरोब्बर त्याच जागी!

"कुणाला कळणार हाय, बाई?" मी म्हणालो.

"मला कळलंय की."

नवे किडे मिठाच्या पाण्यात ठेवले. दारावर बाईंनी पाटी लावली, 'आज किड्यांची एकादशी'. पोटं रिकामी झाल्यावर पुन्हा पट्टे काढले. म्हशीची नळी, मेंढीची नळी, दोन्ही सारख्या.

"सर, जात एकच हाय," बाईंनी त्यांच्या गाईडना सांगितलं. "पेढे परत द्या."

सर हसले. "म्हणजे तोंडावर गेलो असतो तरी चाललं असतं!"

"व्हय सर. पर आता म्हायती हाय." एवढं म्हणून बाई पदरानं डोळे पुसत बाहेर गेल्या. प्रबंध त्यांनी पहिल्या पानापासून नव्यानं लिहिला.

पुढं बाई कोकणात शिकवायला गेल्या. प्रयोगशाळा हलवताना कपाटात त्यांच्या दोन नळ्या सापडल्या. चिठ्ठ्या गळून गेलेल्या, निळे पट्टे तस्सेच. म्हशीची कुठली, मेंढीची कुठली? खिडकीपाशी नेल्या, एक डोळा मिटला, बराच वेळ बघितलं.

काही केल्या ओळखू येईना.